हमालाची लेव्हल कुणी ठरवायची?

वीस बाजूंचा फासा टाकत गोष्ट रचण्याच्या खेळात एक समजूत घट्ट रुजली आहे: खेळाडू वाढले की त्यांच्या भोवतालची माणसंही वाढवायची. पार्टी, म्हणजे खेळाडूंच्या पात्रांचा गट, पहिल्या लेव्हलला असताना वेशीवरच्या शिपायाला धड भाला पेलत नाही. तीच पार्टी दहाव्या लेव्हलला पोचून परत त्याच वेशीवर आली की तो पट्टीचा तलवारबाज झालेला असतो. मधल्या काळात त्याने कुठे तालीम केली हे विचारायचं नाही. डीएमने, म्हणजे खेळ चालवणाऱ्याने, आकडे बदलले, संपलं.

ही बाजू अगदीच पोकळ नाही, म्हणून आधी ती नीट मांडतो. आव्हान उरलं नाही तर खेळ अळणी होतो, हा तिचा पहिला मुद्दा. दुसरा असा की एनपीसी, म्हणजे डीएमने चालवायचं पात्र, दुबळं ठेवलं तर खेळाडू माजतात आणि पहिल्याच दुकानदाराला लुटतात. त्यावर उपाय म्हणून प्रत्येक खानावळीचा मालक हटकून निवृत्त महायोद्धा निघतो.

पहिला मुद्दा हिशेबातच टिकत नाही. डंजन्स अँड ड्रॅगन्सची 2014 ची नियमपुस्तकं घ्या. त्यातला साधा शिपाई 11 हिट पॉइंटचा (हिट पॉइंट म्हणजे मार सोसण्याची ताकद), हल्ल्याला अधिक 3. समोर पाचव्या लेव्हलचा चिलखतधारी, संरक्षण 18, हिट पॉइंट चव्वेचाळीसच्या आसपास. शिपायाला फाशावर 15 किंवा वर हवेत, म्हणजे शंभरात तीस वेळा भाला लागणार. असे वीस शिपाई नागपुरातल्या इतवारीच्या एखाद्या बोळात दोन्ही तोंडांनी आणि माडीवरून उभे करा. एका फेरीत सरासरी सहा भाले लागतात, सत्तावीसेक हिट पॉइंट जातात. दुसऱ्या फेरीअखेर आपला वीर जमिनीवर. एकाही शिपायाची लेव्हल वाढवावी लागली नाही. संख्या आणि जागा पुरली. या आवृत्तीत हल्ल्याचे आणि संरक्षणाचे आकडे मुद्दाम आवरते ठेवले, ते याचसाठी. तरीही डीएम मंडळी शिपायालाच फुगवत बसतात, कारण ते सोपं आहे.

उलट बाजूचा धडा 2006 साली ‘ऑब्लिव्हियन’ या संगणकावरच्या खेळाने दिला. खेळाडू मोठा झाला की रस्त्यावरचे भुरटे लुटारूही महागड्या काचेच्या चिलखतात दिसू लागायचे. एवढं चिलखत विकलं असतं तर बिचाऱ्यांना लूटमार करायची गरजच पडली नसती! लोक हसले, ते उगाच नाही. आपल्याबरोबर सगळं जगच वाढत असेल तर आपण वाढलो हे कळायचं कशावरून?

आता दुकानदार. इतवारीतल्या सराफाला कुणी हात का लावत नाही? तो दांडपट्टा फिरवतो म्हणून नव्हे. त्याला ओरबाडलं तर संध्याकाळपर्यंत ओळीतली सगळी दुकानं तुमच्यासाठी बंद होतात, उधारी तुटते आणि कोतवालीत नाव जातं. त्याचे हिट पॉइंट चार असोत की चाळीस, काही फरक पडत नाही. खेळाडू माजले असतील तर त्यांना परिणाम भोगू द्या. म्हाताऱ्या शेठजींच्या गादीखाली जादूची तलवार कशाला लपवता?

मग एनपीसीची ताकद मोजायची कशी? त्याच्या कामावरून. नियमपुस्तकातला सामान्य माणूस सगळ्या गुणांत 10 चा असतो. ताकदीच्या पंधरापट पौंड ओझं, हा नियम. म्हणजे त्याला 150 पौंड, साधारण 68 किलो झेपतात. पण धान्यबाजारातला हमाल पिढ्यान्‌पिढ्या क्विंटलची पोती पाठीवर वाहत आला. शंभर किलो म्हणजे 220 पौंड. भागून पाहा, ताकद किमान 15 निघते. तलवारीला मात्र तो नवखाच. हा आकडा पार्टी पहिल्या लेव्हलला असतानाही 15 आणि विसाव्यालाही 15. हमाल हमालीमुळे तसा आहे, तुमच्यामुळे नाही.

आमची मोहीम 1817 च्या नागपुरात चालते, त्यामुळे याहून मोठा पुरावा घरचाच आहे. बाकाबाई भोसले कागदावर उतरवा: वयस्क राजस्त्री, लढाईत शून्य. पण 1818 मध्ये राजा अप्पासाहेबांना पदच्युत केल्यावर अज्ञान रघुजी तिसऱ्यांच्या नावाने राजपालकत्व आलं ते त्यांच्याकडे, आणि पाठीशी होता इंग्रज रेसिडेंट जेन्किन्स. इतवारीतून मिरवणुकीने निघणारा काळ्या मारबतीचा पुतळा लोक आजही त्यांच्याशीच जोडतात. मरून दीडशेहून अधिक वर्षं झालेल्या बाईचा राग तान्ह्या पोळ्याला दरवर्षी रस्त्यावर येतो. हे कुठल्या लेव्हलमध्ये बसवणार?

आणि अप्पासाहेब? 1816 मध्ये कारभारी, 1817 मध्ये राजा, त्याच नोव्हेंबरात सीताबर्डीवर पराभव, पुढच्या वर्षी कैदेतून निसटून महादेवाच्या डोंगरांत फरारी. आमचे खेळाडू तिसऱ्या लेव्हलवरून सातव्यावर चढले तेवढ्या काळात हे पात्र गादीवरून जंगलात गेलं. एक जण वैतागून म्हणाला, “काऊन भाऊ, राजा तर आपल्याहून कमजोर होऊन राह्यला!” होणारच. त्याची ताकद फौजेत आणि खजिन्यात होती, दोन्ही गेले.

एक मान्य. खलनायक वाढू शकतो, वाढायलाच हवा, पण स्वतःच्या उद्योगांनी: त्याने किल्ला घेतला, तह केला, कुणाला फितवलं म्हणून. खेळाडूंनी ते वेळीच रोखलं तर त्याने खुजंही राहावं. पार्टीने लेव्हल ओलांडली, एवढंच कारण पुरेसं नाही.

तेव्हा डीएम मंडळींनो, पुढचा एनपीसी लिहिताना पार्टीचे कागद बाजूला ठेवा. त्याचा धंदा कोणता, वय काय, आणि त्याच्या एका हाकेला किती माणसं धावतात, एवढं आधी लिहा. हिट पॉइंट सगळ्यात शेवटी.