आधी घर, मग माणूस

आमच्या घरातील कॉलेजात जाणाऱ्या मुलीने परवा जॉर्ज ऑर्वेलची ‘नाइन्टीन एटी-फोर’ वाचून खाली ठेवली आणि विचारले, “असे राज्य खरेच असू शकते का? की उगाच घाबरवायचे?” प्रश्न साधा होता, पण उत्तरासाठी आम्हाला कपाटातून आणखी चार पुस्तके काढावी लागली. अशा कादंबऱ्यांना डिस्टोपियन म्हणतात. आदर्श राज्याच्या नेमके उलटे राज्य त्यांत असते. वरवर साऱ्या एकाच माळेच्या वाटतात. शेजारी-शेजारी ठेवून वाचल्या की प्रत्येक सत्तेची माणसाला मुठीत धरण्याची तऱ्हा वेगळी दिसते.

या साऱ्यांत थोरली म्हणजे रशियन लेखक येवगेनी झाम्यातिन यांची ‘वी’, म्हणजे ‘आम्ही’. ती १९२४ साली प्रथम इंग्रजीत निघाली. लेखकाच्या स्वतःच्या देशात ती छापली जायला १९८८ साल उजाडले. तिच्यातल्या माणसांना नावे नाहीत, क्रमांक आहेत. घरे काचेची आहेत आणि पडदा ओढायचा तर परवानगीची चिठ्ठी लागते. येथे लपून पाहणाऱ्या हेराची फारशी गरजच नाही, कारण लपायला जागाच ठेवलेली नाही.

ऑर्वेल यांचा जन्म १९०३ साली आपल्याच देशात, बिहारमधील मोतिहारीत झाला. त्यांनी ‘वी’ वाचली होती, तिच्यावर लिहिलेही होते. १९४९ साली आलेल्या त्यांच्या कादंबरीत भिंतीवरचा पडदा माणसाकडे सतत पाहत असतो. त्याहून भयंकर म्हणजे सरकार शब्दकोशातले शब्द कमी करत जाते. बंडाला शब्दच उरला नाही, तर बंड मनात तरी कसे येणार? नायकाचा शेजारी सत्तेचा पक्का भक्त. झोपेत तो काहीतरी पुटपुटतो, त्याची सात वर्षांची मुलगी दाराआडून ऐकते आणि त्याला पकडून देते. कोठडीत बसलेला हा बाप म्हणतो की मला मुलीचा अभिमान वाटतो. हे पान आम्हाला छळाच्या पानांहून जड गेले.

ऑल्डस हक्सली यांची ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’ १९३२ची. हक्सली यांनी शाळेत ऑर्वेल यांना काही काळ फ्रेंच शिकवले होते. पुढे शिष्याची कादंबरी वाचून गुरूने पत्र लिहिले. त्याचा आशय असा, की उद्याचे राज्यकर्ते लाथेऐवजी सुखाने काम भागवतील. त्यांच्या कादंबरीत तेच घडते. मुले कारखान्यात बाटल्यांतून जन्मतात आणि ‘आई’ हा शब्द शिवीसारखा वाटतो. मन उदास झाले की ‘सोमा’ नावाची गोळी घ्यायची. तेथे कोणी रडत नाही, म्हणून कोणी प्रश्नही विचारत नाही.

रे ब्रॅडबरी यांच्या ‘फॅरेनहाइट ४५१’ (१९५३) मध्ये अग्निशामक दल आग विझवत नाही, पुस्तके जाळते. मात्र त्यांचा प्रमुख सांगतो की सुरुवात सरकारने केलीच नव्हती. लोकांनीच आधी वाचणे सोडले. नायकाची बायको भिंतभर टीव्हीतल्या पात्रांना ‘माझे कुटुंब’ म्हणते आणि नवऱ्याविरुद्ध तक्रार नोंदवते. शेवटी काही माणसे एकेक पुस्तक पाठ करून जपतात. हिफ्जची परंपरा असलेल्या घरांना या शेवटाचे मोल वेगळे सांगायला नको.

मार्गारेट ॲटवूड यांची ‘द हँडमेड्स टेल’ १९८५ची. माणसांनी इतिहासात कुठे ना कुठे केलेले नाही असे यात काही घातले नाही, असे त्यांनी सांगून ठेवले आहे. येथे सत्ता धर्मग्रंथाचा आधार घेते, पण तो वाचण्याची मुभा बायकांना देत नाही. एका दिवसात बायकांच्या नोकऱ्या जातात, बँकेतली खाती गोठतात. पैसे आता नवऱ्याच्या हाती. नवरा चांगला आहे, धीरही देतो. तरी नायिकेच्या मनात शंका येते, की याला हे फारसे खटकलेले नाही का? सत्तेचा कायदा रस्त्यावरून उंबरठा ओलांडून माजघरात येतो, तो असा.

आता पाचही पुस्तके एकत्र पाहा. कुठे काच, कुठे भीती, कुठे सुख, कुठे करमणूक, कुठे पवित्र शब्दांची ढाल. साधने निराळी, पण घाव एकाच जागी बसतो. आई-मूल, बाप-लेक, नवरा-बायको यांच्यात खाजगी काही उरू द्यायचे नाही. ज्याला घरात मन मोकळे करता येते, तो बाहेर पुरता वाकत नाही, हे या सत्तांनी नीट ओळखले आहे.

म्हणून त्या मुलीला आम्ही एवढेच म्हणालो, “पुस्तकातले राज्य जसेच्या तसे येत नाही. त्याचे तुकडे येतात, तेही सोयीच्या रूपात.” ती जरा थांबून म्हणाली, “म्हणजे जेवताना तुम्ही सगळे मोबाइल पाहता, तसे?”

त्या रात्री दस्तरखानावरून मोबाइल उठले. लेकरांनी उलट प्रश्न विचारावा आणि मोठ्यांनी तो ऐकून घ्यावा, एवढे जरी घरात टिकले, तरी ही पुस्तके वाचल्याचे सार्थक झाले, असे आम्हाला वाटते.