सिस्टर दारातूनच का बोलते?



माझ्या धाकट्या जावेला थायरॉइडच्या कॅन्सरसाठी नागपूरला आयोडीनचा डोस दिला, तेव्हा भंडाऱ्याहून आम्ही सगळ्या गेलो होतो. आत कुणालाच सोडले नाही. संध्याकाळी ती फोनवर रडली, "ताई, सिस्टर ताट दारात ठेवते नि लगेच जाते. जशी काही मी विटाळशीच आहे." मला राग आला. खाली गाठून मी त्या सिस्टरला चार शब्द सुनावले. जेमतेम पंचविशीची पोरगी. एवढेच म्हणाली, "मावशी, आज माझ्याकडे अशा तीन खोल्या आहेत."

घरी येऊन वाचले, डॉक्टरांनाही विचारले. मी बी.कॉम., हिशेबाच्या वाटेनेच मला कळते. हे आयोडीन-१३१ दर ८ दिवसांनी निम्मे होते. घटत्या शिल्लकेवर घसारा काढायचो ना आपण, तसे. शिवाय बरेचसे पहिल्या दोन दिवसांत लघवीवाटे निघून जाते. तोवर रोग्याच्या अंगातूनच किरण निघत असतात. एक्स-रेवाल्यांचा शिशाचा एप्रन त्यांना फारसा अडवत नाही. मग सिस्टरच्या हाती उरते काय? थोडा वेळ थांबणे आणि लांब उभे राहणे. अंतर दुप्पट केले की किरण चौथ्या हिश्शावर येतात.

जावेच्या खात्यात हा खर्च एकदाच पडला, तोही तिच्या भल्यासाठी. सिस्टरच्या खात्यात रोज थोडा थोडा पडतो. तिचे पासबुक म्हणजे छातीवरचा टीएलडी बॅज; साधारण तीन महिन्यांनी तो तपासायला जातो. अणुऊर्जा नियामक मंडळाची मर्यादा आहे: पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट, आणि कोणत्याही एका वर्षात ३० च्या वर नाही. तुमच्या-माझ्यासाठी १. तिला दिवस गेले असतील, तर पोटातल्या बाळासाठीही १ च. नीट चालवलेल्या वॉर्डात नर्सचा आकडा मर्यादेच्या बराच खाली राहतो, हे समाधान.

पण नोंदच झाली नाही तर? माझ्या माहेरची एक मुलगी दुसऱ्या शहरात नर्स आहे. तिला सांगतात, बॅज कपाटात ठेव. आकडा वाढला की चौकशी लागते, लिहालिही होते! मला हे खोट्या वहीखात्याहून वाईट वाटते. इथली तूट पोरीच्या अंगावर जाते. परळचे रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून चालू आहे. नियम माहीत नव्हते असे आता कुणी म्हणू नये. बोन स्कॅन करून साध्या वॉर्डात परतलेल्या रोग्याची चादर बदलणाऱ्या आयाला तर बहुधा कुणी काही सांगतही नाही. ते औषध ६ तासांत निम्मे होते, धोका फार थोडा, कबूल. तरी फाइलवर ठळक अक्षरांत लिहायला काय जाते?

वैयावृत्त्याला आपण तप मानतो. मग जी ते पगारावर, रात्रपाळीत करते, तिला जपायचे कुणी?

वर्षभराने जावेला दुसरा डोस द्यावा लागला. या वेळी तिने घंटी उगीच वाजवली नाही, औषधे-पाणी आधीच हाताशी मांडून घेतले. सिस्टर दारात आली तशी हिने आतूनच विचारले, "बॅज लावलाय ना गं?" तिने एप्रन बाजूला करून दाखवला.