चूक बाईची की पेनची?

आयव्हीएफ उपचारात बाईला साधारण ८ ते १२ दिवस रोज हार्मोनचं इंजेक्शन घ्यावं लागतं, पोटाच्या कातडीखाली. ते घरीच टोचून घेता यावं म्हणून पेनसारखी उपकरणं आली. रोजंदारीवरच्या बाईसाठी ही सोय लहान नाही. रोज दवाखाना म्हणजे रोज खाडा. तेव्हा घरी टोचण्याला माझा विरोध नाही. ते पेन कुणाच्या हातात देऊन तपासलं, एवढंच मला विचारायचंय.

अशा उपकरणांची वापरचाचणी होते. ज्यांच्यासाठी वस्तू बनवली त्यांच्यासारख्या लोकांच्या हातात ती द्यायची आणि कोण कुठे अडतं ते पाहायचं. या शास्त्रातला एक शब्द मला फार आवडतो. तिथे 'यूजर एरर' म्हणत नाहीत, 'यूज एरर' म्हणतात. म्हणजे चुकीचं कारण आधी रचनेत, लेबलात, सूचनापत्रकात शोधायचं. माणसाच्या माथी मारायचं नाही. आपल्याकडे ओपीडीत याच चुकीला 'अडाणी आहे' म्हणतात. हा शब्द आपण शाळेपासून ऐकलाय, आणि तो कुणाकुणाला ऐकावा लागतो हेही आपल्याला माहीत आहे.

अमेरिकेच्या एफडीएची २०१६ ची मार्गदर्शिका सांगते की अंतिम चाचणीत वापरकर्त्यांच्या प्रत्येक गटात किमान १५ जण हवेत, आणि ते अमेरिकेतच राहणारे हवेत. कारण भाषा, मोजमापं, उपचाराच्या पद्धती देशागणिक बदलतात. बरोबरच आहे. मग त्याच न्यायाने, तिथे पास झालेलं पेन जालन्यातल्या किंवा कलबुर्गीतल्या बाईला जमेल, हे कशावरून?

फॉलिट्रोपिनचं एक प्रचलित पेन घ्या. टोचून झाल्यावर खिडकीत ० दिसला तर डोस पूर्ण. दुसरा आकडा दिसला तर तेवढं औषध कमी पडलंय, ते नव्या पेनमधून घ्यायचं. पण तोच आकडा 'इतकं औषध गेलं' असाही सहज वाचता येतो. शिवाय पेन फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवायचं. बाहेर ठेवलं तर २५ अंशांपर्यंत, तेही ठरावीक काळ. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत २५ अंश कुठून आणायचे? फ्रिज शेजारणीचा असेल तर उपचार लपत नाही, आणि 'हिला मूल होत नाही' ही बातमी वस्तीत बाईचं काय करते ते वेगळं सांगायला नको.

मग सूचनापत्रकाचा फोटो व्हॉट्सॲपवर आपल्याकडे येतो : "ताई, हे काय लिहिलंय बघ ना." घरातली पहिली पदवीधर असल्याचं हे बिनपगारी काम. कंपनीच्या चाचणीत ही ताई कुठेच नसते.

कुणी म्हणेल, सुईला कुठे जात कळते? नाहीच कळत. पण शाळा किती झाली, घर कुठे मिळालं, इंग्रजी वाचता येतं का, यात जात आहेच. म्हणून औषध नियंत्रकांनी परवानगी देताना कंपनीला विचारावं : चाचणी कोणत्या भाषेत झाली, किती इयत्ता शिकलेल्यांवर झाली, त्यांत दलित, आदिवासी, भटक्या समाजातल्या बाया किती होत्या. आणि ते उत्तर सूचनापत्रकावरच छापायला लावावं, बाईच्या भाषेत.