भंगारात देण्याआधी



या ईदला माझ्या बहिणीचा मुलगा पुण्याहून भंडाऱ्याला आला. बॅगेत कपडे थोडे आणि एक जुने, जड यंत्र. "खाला, हे इटलीचे कॉफीचे यंत्र आहे. आपल्या अम्मीच्या वयाचे असेल!" बहीण कपाळाला हात लावून म्हणाली, "जुन्या लोखंडावर पैसे उडवतो हा."

लोखंड नव्हे, पितळ होते ते. वर क्रोमचा मुलामा. 'ला पावोनी' कंपनीचे हे 'युरोपिकोला' मॉडेल १९६१ साली आले. त्याआधी मिलानच्या अकिले गाजिया यांनी हॉटेलांसाठी दांड्याचे यंत्र बनवले होते. त्यात दांडा खाली ओढला की स्प्रिंग दबते आणि सोडला की तीच स्प्रिंग गरम पाणी कॉफीच्या पुडीतून जोराने ढकलते. या घरगुती यंत्रात स्प्रिंग नाही. दांडा वर उचलला की पाणी आत येते, मग हातानेच खाली दाबायचा. मुलाने झिजलेली रबरी रिंग बदलली, आत साचलेला क्षार काढला आणि आम्हा सर्वांना कॉफी पाजली. असली यंत्रे जमवणारे लोक जगभर आहेत, कारण ती उघडता येतात आणि दुरुस्त होतात.

कप ठेवता ठेवता त्याने विचारले, "खाला, नानांचा भाता कुठे आहे?"

मला उत्तर देता येईना. आमचे अब्बा कल्हईवाले होते. भंडारा पितळी भांड्यांसाठी प्रसिद्ध, त्यामुळे कामाला तोटा नव्हता. भांडे तापवायचे, नवसागर टाकायचा, कथील लावून कापसाने झरझर फिरवायचे; आतून चांदीसारखी चकाकी येई. कल्हई नसली तर आंबट पदार्थ पितळेत कळकतो आणि पोटाला बाधतो. अब्बांच्या त्या मेहनतीवर माझे बी.एड. झाले. आणि घराची रंगरंगोटी करताना तो भाता, सांडशी, दोन देगच्या मीच वजनावर दिल्या. जागा अडते म्हणून.

पुण्याच्या दिनकर केळकरांनी लोकांच्या घरांतून दिवे, अडकित्ते, भांडी अशा हजारो वस्तू जमवल्या. लहानपणीच गेलेल्या आपल्या मुलाचे, राजाचे, नाव त्या संग्रहालयाला दिले आणि १९७५ साली सारा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या हवाली केला. अडकित्त्यासारखी साधी वस्तूही त्यांना जपण्याजोगी वाटली. मला मात्र ज्या भात्यावर आम्ही वाढलो तोच अडगळ वाटला.

सगळेच सांभाळा, असे मी म्हणत नाही. ढीग लावणे म्हणजे जतन नव्हे. पण भंगारवाल्याला हाक मारण्याआधी दोन गोष्टी करा. वस्तू दुरुस्त होऊन वापरात येते का, ते पाहा. आणि ती कोणाची, कशासाठी होती, हे घरातल्या वडीलधाऱ्यांकडून मुलांसमोर वदवून घ्या, जमल्यास वहीत लिहून ठेवा.

अब्बांची एकच देगची अम्मीच्या स्वयंपाकघरात उरली आहे. कल्हई उडाली आहे. जाताना भाचा ती बॅगेत घालू लागला. मी म्हटले, "आधी कल्हईवाला शोधू. मग ने."

आता आम्ही दोघे शोधतो आहोत.