दोन लाव्हांमधलं तळं

आजीच्या घरातलं जातं, जुन्या वाड्याचा चौथरा, शेताच्या बांधावरचे धोंडे... निपाणी भागातला हा काळा दगड एकेकाळी लाव्हा होता. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा.

लाव्हा म्हटलं की सगळं खाक, असं आपण धरून चालतो. पण तो एका दमात आला नाही. एक थर यायचा, निवायचा, मग कधी कधी हजारो वर्षं शांतता. तेवढ्यात खोलगट जागी पाणी साचायचं, ओढे अडायचे, तळी व्हायची. पुढच्या लाव्हानं त्यांवर झाकण घातलं. खाणीत किंवा विहिरीच्या कडेला दोन काळ्या थरांमध्ये कधी पांढुरकी पट्टी दिसते, ती अशा तळ्याचा गाळ असू शकते. आपल्या गोकाक तालुक्यात ममदापूर परिसरातले असे थर अभ्यासकांना ठाऊक आहेत.

या गाळात अख्खा मासा क्वचितच मिळतो. दात मात्र टिकतात, कारण त्यांवरचं कवच फार कठीण. बरेचसे मोहरीएवढे किंवा त्याहून लहान. गाळाचा दगड भिजवायचा, बारीक चाळणीतून धुवायचा आणि उरलेला चुरा सूक्ष्मदर्शकाखाली ओल्या कुंचल्यानं निवडायचा. तांदूळ निवडण्यासारखंच, फक्त इथं खडेच जपून ठेवायचे!

दातावरून जेवण कळतं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावच्या माशांचं वर्णन १९०८ मध्ये लंडनच्या आर्थर स्मिथ वुडवर्ड यांनी केलं. त्यात गार जातीचा मासा आहे: अणकुचीदार दात, म्हणजे शिकारी. त्याचे भाऊबंद आज फक्त अमेरिकेकडच्या नद्या-तळ्यांत उरलेत. दुसरा पिक्नोडस. त्याचे दात वाटोळे, चपटे, शिंपले-शंख फोडायला योग्य. एका माशाला हिस्लॉप यांचं नाव दिलं आहे. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजच्या नावातले तेच पाद्री, फावल्या वेळात जीवाश्म गोळा करणारे.

खरी गंमत पुढे आहे. पिक्नोडसचं गोत बहुतेक समुद्रातलं. तेलंगणातल्या आसिफाबादजवळ तर पाकट माशाचे फरशीसारखे दात मिळाले. मग ही तळी गोडी की खारी? काहींच्या मते समुद्राचा फाटा आत आला होता. मला मात्र मासे नदीनं वर आले असावेत, हे अधिक पटतं. कारण लाव्हांमधल्या अशा गाळांत गोड्या पाण्यातल्या वनस्पतींची बीजंही सापडतात, आणि गंगेत आजही पाकट राहतो.

म्हणून विहीर खोदताना, रस्ता रुंद करताना अशी पट्टी उघडी पडली, तर सिमेंट लागण्याआधी शेजारी पट्टी किंवा पेन ठेवून फोटो काढा. गाव, जागा, खोली लिहून जवळच्या कॉलेजच्या भूगर्भशास्त्र विभागाला कळवा. दगड मात्र उचलू नका. कुठल्या थरातला ते हरवलं, की त्या दाताला काहीच सांगता येत नाही.