जंतू मेला, मज्जातंतूचे काय?

दुखणे कोणाला हवे असते? डोके दुखले की गोळी, कंबर दुखली की मलम, दाढ दुखली की दवाखाना. दुखण्यातून सुटका म्हणजे सुख, अशी आपली साधी व्याख्या. पण ज्यांच्या हातापायांचे दुखणेच कायमचे नाहीसे झाले आहे अशी माणसे आपल्या महाराष्ट्रात कमी नाहीत, आणि या सुटकेची किंमत ती बोटांनी आणि पावलांनी मोजत आहेत.

अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यातले राजूर हे डोंगरातल्या वाड्यावस्त्यांचे बाजाराचे गाव. भंडारदऱ्याकडे जाणारा रस्ता इथून पुढे जातो. भोवताली महादेव कोळी आणि ठाकर समाजाची वस्ती, पावसाळा धो-धो आणि पीक भाताचे. आवणीच्या दिवसांत इथली बाई आणि बाप्या सकाळपासून दिवेलागणीपर्यंत अनवाणी चिखलात उभे असतात. काटा बोचला की तोंडून 'आई गं' निघते, माणूस बांधावर टेकतो, काटा काढतो आणि पुन्हा कामाला लागतो. कोणाच्या लक्षातही राहत नाही. पण त्या 'आई गं'ने पाऊल वाचवलेले असते.

आता तोच तळवा बधीर आहे असे समजा. काटा आत राहतो. माणूस त्यावरच दिवसभर चालतो, दुसऱ्या दिवशीही चालतो. आठवड्याने पाय सुजतो, पंधरवड्याने घाण पाणी येऊ लागते, आणि दवाखाना गाठेपर्यंत जखम हाडापर्यंत पोचलेली असते. कुष्ठरोगात बोटे 'झडतात' असे आपण पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आलो. ती झडत नाहीत. चुलीवरचे भांडे फडक्याशिवाय उचलल्याने, बोटांत विझत आलेली विडी न कळल्याने, विळ्याची मूठ नको तितकी घट्ट धरल्याने ती रोज थोडी थोडी जखमी होतात. जखम चिघळते, आतले हाड झिजते आणि बोट आखूड होते. तमिळनाडूतल्या वेल्लोरला काम करणाऱ्या डॉ. पॉल ब्रँड यांनी हे वर्षानुवर्षे निरीक्षण करून दाखवून दिले. काही रुग्णांची बोटे रात्रीतून कमी कशी होतात याचा त्यांनी शोध घेतला, तेव्हा उत्तर निघाले उंदीर! झोपेत उंदीर कुरतडत होते आणि झोपलेल्याला कळत नव्हते. ब्रँडसाहेबांनी रुग्णांना मांजरे दिली.

एका दिवसाला एक मिलिमीटर

हे बधिरपण येते कुठून? पायाच्या अंगठ्याची संवेदना मेंदूकडे नेणाऱ्या पेशीचे घर अंगठ्यात नसते. ते असते कमरेजवळ, पाठीच्या कण्याच्या कडेला. तिथून निघालेला केसाहून कितीतरी बारीक असा एकच तंतू थेट अंगठ्यापर्यंत जातो. उंच माणसात तो मीटरभर लांब भरतो. असे हजारो तंतू एकत्र येऊन मज्जातंतूची दोरी होते. तंतूभोवती श्वॅन पेशींचे वेष्टण असते. विजेच्या तारेवर आवरण असावे तसे ते असते, पण तारेचे आवरण निर्जीव असते आणि हे जिवंत. तंतूचे पालनपोषण तेच करते.

ही दोरी तुटली तर काय होते? १८५० मध्ये ऑगस्टस वॉलर या इंग्रज शास्त्रज्ञाने बेडकाच्या जिभेचे मज्जातंतू कापून पाहिले. तुटलेल्या जागेपलीकडचा, पेशीपासून तोडला गेलेला भाग विरघळत जातो, असे त्याला दिसले. मुळापासून तोडलेली वेल वाळावी तसे. पण मूळ जिवंत असते! पेशी नवा कोंब सोडते. श्वॅन पेशी जुना कचरा साफ करायला मदत करतात आणि रिकाम्या नळ्या उघड्या ठेवतात, आणि त्या नळ्यांतून हा कोंब वाट काढत पुढे जातो. मेंदूत आणि पाठीच्या कण्यातल्या रज्जूत हे जवळजवळ घडत नाही. हातापायांत मात्र घडते. निसर्गाने दिलेली ही मोठीच सवलत आहे.

पण तिला मुदत आहे. कोंब वाढतो साधारण एका दिवसाला एक मिलिमीटर. कोपरापाशी मज्जातंतू तुटला तर हाताच्या पंजातल्या बारीक स्नायूंपर्यंतचे सुमारे तीस सेंटिमीटर कापायला तीनशे दिवस हवेत. तोवर ते स्नायू वाट पाहत वाळत असतात. वर्ष-दीड वर्ष उलटले की कोंब पोचला तरी स्नायूला पुन्हा जीव येणे कठीण होते. रिकाम्या नळ्याही हळूहळू बुजतात. म्हणून कोयत्याने मनगट कापल्यावर नुसते कातडीला टाके घालून घरी पाठवलेल्या माणसाचे नुकसान त्या दिवशी दिसत नाही. ते वर्षाने दिसते, आणि तेव्हा फार थोडे करता येते.

न दुखणारा शत्रू

कुष्ठरोगाचा जंतू १८७३ मध्ये नॉर्वेच्या डॉ. हॅन्सन यांनी शोधला. हा जंतू संथ. एकाचे दोन व्हायला त्याला दोन आठवड्यांच्या आसपास लागतात. शरीरात शिरल्यापासून लक्षण दिसेपर्यंत सरासरी पाच वर्षे जातात, कधी वीसही. त्याला थंडावा आवडतो, म्हणून तो कातडीत आणि कातडीलगतच्या मज्जातंतूंत घर करतो. कोपराच्या मागे, गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, घोट्याच्या आतल्या बाजूला. कोपराला काही लागले की करंगळीपर्यंत झिणझिण्या येतात ना? तीच ती जागा. आणि त्याचे आवडते घर म्हणजे नेमक्या त्या श्वॅन पेशी, ज्यांच्यावर मज्जातंतूची सारी भिस्त.

यातला मोठा घात जंतूपेक्षा आपल्याच शरीराकडून होतो. जंतूला मारायला आलेल्या संरक्षक पेशी मज्जातंतूचीही नासधूस करतात. २०१७ मध्ये झेब्राफिश माशाच्या पारदर्शक पिल्लांत शास्त्रज्ञांनी हे प्रत्यक्ष घडताना पाहिले. घरात शिरलेला चोर धरायला पोलीस आले आणि त्यांनी घराच्या भिंतीच पाडल्या, असा हा प्रकार! कधी ही लढाई एकदम भडकते. मज्जातंतू सुजतो आणि काही दिवसांत हातपाय लुळे पडतात. याला 'रिअ‍ॅक्शन' म्हणतात. ती औषधे सुरू असताना येते, औषधे संपल्यानंतरही येऊ शकते. कधी तर ती आवाज न करता येते. दुखत नाही, खुपत नाही, फक्त पंजातली ताकद कमी होत जाते.

या प्रश्नावर मुंबईत मोलाचे काम झाले आहे. जे. जे. रुग्णालयात प्लास्टिक सर्जरीचा विभाग उभारणाऱ्या डॉ. नोशीर अँटिया यांनी वाकड्या झालेल्या बोटांवर आणि बसलेल्या नाकांवर असंख्य शस्त्रक्रिया केल्या. पण शस्त्रक्रिया म्हणजे घर जळाल्यावरची डागडुजी, हे त्यांना पुरते ठाऊक होते. मज्जातंतू मुळात मरतो कसा, हा प्रश्न त्यांनी सोडला नाही. वरळीच्या फाउंडेशन फॉर मेडिकल रिसर्चमध्ये डॉ. वनजा शेट्टी यांच्यासह त्यांनी कुष्ठरुग्णांच्या मज्जातंतूंचा सूक्ष्मदर्शकाखाली वर्षानुवर्षे अभ्यास केला. त्यावरचा त्यांचा ग्रंथ १९९७ मध्ये निघाला. बोट वाकडे होण्याच्या कितीतरी आधी आतले तंतू बिघडू लागलेले असतात, हा अशा अभ्यासांचा धडा आहे. डोळ्यांना विकृती दिसते तेव्हा उशीर झालेला असतो.

आपण मोजले काय?

तीन औषधांचा एकत्रित उपचार जागतिक आरोग्य संघटनेने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला सुचवला, आणि त्याने खरोखर क्रांती केली. सहा किंवा बारा महिन्यांत जंतूंचा निकाल लागतो. १९८३ मध्ये आपल्या देशात दर १०,००० लोकांमागे ५७ हून अधिक रुग्ण होते. डिसेंबर २००५ मध्ये हे प्रमाण एकाच्या खाली आले आणि 'निर्मूलन' जाहीर झाले. हे यश लहान नाही. गावोगाव पायपीट करणाऱ्या कर्मचाऱ्यांचे ते यश आहे, आणि त्याला नावे ठेवणे कृतघ्नपणा होईल.

पण हा आकडा काय मोजतो ते पाहायला हवे. तो मोजतो त्या दिवशी औषध घेत असलेले रुग्ण. औषधाचा कोर्स संपला की नाव नोंदवहीतून निघते. त्या माणसाची करंगळी वाकडी असो, तळव्यावर जखम असो, तो 'बरा' झालेला असतो. निदानाच्या वेळी दिसणाऱ्या विकृतीची नोंद होते हे खरे. पण निदान झाल्यावर, उपचार चालू असताना किंवा संपल्यावर किती जणांचे तळवे नव्याने बधीर झाले, याची बेरीज जिल्ह्याच्या ठळक आकड्यांत येत नाही. आपण जंतू मोजले, मज्जातंतू मोजलेच नाहीत. आणि 'निर्मूलन' हा शब्द इतका भरभक्कम की, तो ऐकल्यावर लोकांनी, नव्या डॉक्टरांनी आणि सरकारनेही हुश्श केले. रोग गेला असे आपल्याला वाटले. प्रत्यक्षात २०२३ मध्येही भारतात एक लाखाहून अधिक नवे रुग्ण सापडले. जगातल्या नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक.

यावर एक आक्षेप घेतला जातो, आणि तो विचार करण्यासारखा आहे. राजूरसारख्या ठिकाणी बाळंतपणे आहेत, सर्पदंश आहेत, क्षय आहे, कुपोषण आहे. अपुऱ्या माणसांनिशी चालणाऱ्या ग्रामीण रुग्णालयाने दहा हजारांत एखाद्याला होणाऱ्या रोगासाठी वेगळा वेळ काढायचा कुठून?

वेगळा काढायचा नाही, हेच उत्तर आहे. तपासणी लागते ती मिनिटांची. माणसाचे डोळे मिटायला सांगायचे, बॉलपेनचे टोक तळव्याला आणि तळहाताला हलकेच टेकवायचे आणि विचारायचे, कुठे लागले? करंगळी बाजूला ताणायला सांगून बोटाने दाबून पाहायचे. घोट्यातून पाऊल वर उचलायला सांगायचे. झाले! आणि ही तपासणी फक्त कुष्ठरोगाची नाही. मधुमेहातही सर्वांत लांब तंतू आधी बिघडतात, म्हणजे पावलांचे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीनुसार देशात दहा कोटींहून अधिक मधुमेही आहेत. पुण्यातल्या फ्लॅटमधल्या आजोबांचा आणि राजूरजवळच्या वाडीतल्या शेतकऱ्याचा तळवा तपासायची रीत एकच. ती अंगवळणी पडली तर दोघांचेही पाय वाचतील.

बधिरपणा किंवा कमजोरी नव्याने आली असेल तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली प्रेडनिसोलोनचा कोर्स देऊन मज्जातंतूची सूज उतरवता येते, आणि गेलेली शक्ती बऱ्याच जणांत परत येते. अट एकच: सहा महिन्यांच्या आत. त्यानंतर आशा झपाट्याने मावळते. इथे पुन्हा ती मुदत आली.

आणि ज्यांची मुदत टळून गेली त्यांचे काय? त्यांनाही वाऱ्यावर सोडायचे कारण नाही. रोज संध्याकाळी पाय पाण्यात भिजवायचे, भेगा खरवडून काढायच्या, ओलसर असतानाच तेल लावायचे आणि तळवा निरखून पाहायचा, स्वतःला दिसत नसेल तर घरातल्या कोणी पाहायचा. मऊ एमसीआर रबराची चप्पल घालायची. सरकारी कार्यक्रमात ती मोफत मिळते. दुखण्याचे काम डोळ्यांनी करायचे, एवढाच याचा अर्थ. आवणीच्या चिखलात चप्पल टिकत नाही, हेही खरे आहे. म्हणून त्या दिवसांत संध्याकाळचे पाय पाहणे दुप्पट महत्त्वाचे.

हे खेड्यात जमेल का, असे विचारणाऱ्यांनी याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला पाहावे. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये काम सुरू केले. शाळेचे तोंड न पाहिलेल्या बायकांना त्यांनी आरोग्यसेविका बनवले. त्या बायका घराघरांत जाऊन चट्टा ओळखू लागल्या, रुग्णाला औषध देऊ लागल्या, आणि त्याला गावाबाहेर न काढता गावातच ठेवू लागल्या. १९७९ मध्ये या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आज आपल्याकडे गावोगाव आशा कार्यकर्त्या आहेत, डोंगरी भागात आश्रमशाळा आहेत. वर्षातून दोनदा आश्रमशाळेतल्या प्रत्येक मुलाची पाठ, हात आणि पाय उजेडात पाहिले, तर अनेक मज्जातंतू बिघडण्याआधीच वाचतील. रुग्णाच्या घरच्यांना रिफाम्पिसिनचा एकच डोस देऊन त्यांचा धोका कमी करण्याची सोयही २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात आली आहे.

उरते ती लाज. चट्टा झाकला जातो, कारण त्याला 'महारोग' म्हणणारे तोंड घरातच असते. कायद्याने तरी आपली चूक सुधारली. १८९८ चा कुष्ठरुग्णांना डांबून ठेवणारा कायदा २०१६ मध्ये रद्द झाला, आणि कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण मानणारी तरतूद २०१९ मध्ये गेली. मने मात्र मागे आहेत. सून माहेरी पाठवली जाईल, मुलीचे लग्न मोडेल या भीतीने लपवलेला एकेक महिना त्या सहा महिन्यांतून वजा होत असतो. भीती बाळगायची तर ती चट्ट्याची नको, उशिराची हवी.

तेव्हा हे कापून फ्रिजवर किंवा देवघराशेजारी चिकटवले तरी चालेल. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा आहे, तो खाजत नाही, दुखत नाही, आणि तिथे स्पर्श कळत नाही, तर याच आठवड्यात सरकारी दवाखान्यात दाखवा. तपासणी आणि औषध दोन्ही मोफत आहेत. हातापायांना मुंग्या येत असतील, चप्पल पायातून निसटलेली कळत नसेल, तर मधुमेह असो वा नसो, दाखवा. आणि डॉक्टरांनी कागदावर औषध लिहून दिले पण तुमच्या तळव्याला हात लावला नाही, तर अदबीने पण ठामपणे सांगा: डॉक्टर, एकदा पाय तपासा.