दुसरी बॅटरी हवी, तिचे अनुदान नको



मुंबईच्या उपनगरांत थेट माल विकायला जाणाऱ्या आपल्या गाडीवाल्यांकडून सध्या एक मागणी येते आहे. पिकअपमध्ये दुसरी बॅटरी बसवायला सरकारने अनुदान द्यावे, अशी ती मागणी. बॅटरी बसवा, असे आम्ही म्हणतो. अनुदान मागू नका, असेही आम्हीच म्हणतो. ही दोन्ही तोंडांनी बोलण्याची कसरत नाही. हिशेब मांडला की दोन्ही एकाच जागी येऊन पोचतात.

जुलै २०१६ मध्ये राज्य सरकारने फळे आणि भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून बाहेर काढला. १९६३ च्या कायद्याने घातलेली बेडी निदान भाजीपुरती सैल झाली. त्याच वर्षी पणन मंडळाचे आठवडे बाजार मुंबईत सुरू झाले. आता कसारा आणि माळशेज उतरून आलेली गाडी मुलुंड-घाटकोपरला उभी राहते, वाडा-डहाणूकडची दहिसर नाक्यावरून बोरिवली-अंधेरीला जाते. पण गिऱ्हाईक कधी येते? नोकरदार माणूस लोकलमधून उतरतो सात-साडेसातला. खरी विक्री त्यानंतरची, म्हणजे अंधारातली. दिवा नसेल तर टोमॅटो लाल आहे की हिरवा, हे बाईला दिसत नाही. काट्यावरचा आकडा दिसला नाही तर तिचा विश्वास बसत नाही. पालेभाजीवर पाण्याचा फवारा मारला नाही तर नवाच्या सुमाराला मेथी मान टाकते.

यासाठी वीज कुठली? अंधेरी, बोरिवली, घाटकोपरला अदानीची वीज आहे, मुलुंडला महावितरणची. म्हणजे मुलुंडच्या सोसायटीतल्या कारंज्याला आणि आपल्या शेतीपंपाला वीज देणारी कंपनी एकच. कारंजे कधीही उडते. सौर वाहिन्यांमुळे काही भागांत पंपाला दिवसा वीज मिळू लागली आहे हे खरे, पण बऱ्याच गावांत आठवड्यातले काही दिवस अजूनही रात्रीच बारे द्यावे लागते, विंचूकाट्यात. रात्री पाणी भरायचे, पहाटे तोडा करायचा, संध्याकाळी शहरात पोचायचे, आणि तिथे शेजारच्या दुकानदाराकडून वायर ओढून घ्यायची तर तो मागेल ती रक्कम द्यायची. गावात आकडा टाकला की शेतकरी वीजचोर. शहरात उसन्या तारेचे पैसे घेणाऱ्याला मात्र कोणी काही म्हणत नाही.

काही शहाणे सांगतात, इंजिन चालू ठेवा. उभ्या गाडीचे डिझेल इंजिन तासाला अर्धा ते एक लिटर पिते. पाच तासांत तीन-चार लिटर धूर गिऱ्हाइकाच्या तोंडावर सोडून भाजी विकायची, हा सल्ला देणाऱ्याने एकदा तरी गाडीमागे उभे राहावे.

काही जण गाडीच्याच बॅटरीवर दिवे लावतात. दहा वॅटचे चार एलईडी, काटा, मोबाइल आणि अधूनमधून चालणारा छोटा पंप मिळून सरासरी ८० वॅट धरा. १२ व्होल्टला हे सुमारे ७ अँपियर होतात. पाच तासांचे ३५ अँपियर-तास झाले. गाडीची बॅटरी यासाठी बनवलेलीच नसते. तिच्या पातळ पट्ट्या काही सेकंद शेकडो अँपियर देऊन स्टार्टर फिरवण्यासाठी असतात. तिला रोज निम्म्यापर्यंत उतरवली तर ती लवकरच कायमची बसते. रात्री दहाला गाडी सुरू होत नाही. जुनी गाडी धक्क्याने तरी उठायची. आजच्या इंजिनात डिझेल सोडायलाही वीज लागते, त्यामुळे पार मेलेल्या बॅटरीवर धक्का मारणारे फक्त घामाघूम होतात.

म्हणून दुसरी बॅटरी. पण ती लावण्याची रीत आहे. दोन्ही बॅटऱ्या सरळ वायरीने जोडणारा मिस्त्री भेटला तर त्याला नमस्कार करून पुढे जा, कारण तशा जोडल्या की दोन्ही एकदम उतरतात. मधे रिले हवा. इंजिन चालू होऊन व्होल्टेज १३.३ च्या आसपास गेले की तो दोघींना जोडतो, आणि इंजिन बंद होऊन ते १२.८ च्या खाली आले की तोडतो. १ एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-६ गाड्यांपैकी काहींत अल्टरनेटर स्वतःच व्होल्टेज कमी-जास्त करतो. तिथे रिले फसतो, डीसी-डीसी चार्जर लावावा लागतो. तो महाग आहे, पण बॅटरी पुरी भरते.

शिशाची बॅटरी निम्मीच वापरायची, म्हणजे ३५ साठी ७५ अँपियर-तासांची घ्या. खोल उतरणे सोसणारी आणि सीलबंद असावी. घरच्या इन्व्हर्टरची उंच बॅटरी घाटात हिंदकळून आम्ल सांडते. केबिनमध्ये ठेवू नका, चार्ज होताना हायड्रोजन सुटतो. हौद्यात हवेशीर पेटीत पट्ट्याने आवळून बसवा. केबल जाड, निदान १६ चौरस मिलिमीटरची, आणि दोन्ही बॅटऱ्यांच्या धन टोकापासून वीतभर अंतरात फ्यूज. फ्यूज वाचवणारा माणूस एक दिवस गाडी जाळतो. गाडीची मूळ वायरिंग कापू देऊ नका. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ नोंदणी पुस्तकातला तपशील बदलेल असा फेरफार करू देत नाही; डिझेल गाडीच्या पुस्तकात बॅटरीचा रकाना नसतो. वीस-पंचवीस किलो वजन मात्र मालाच्या वजनात धरा.

आता अनुदान. अनुदान आले की कंपन्यांची यादी येते, यादीबरोबर किंमत चढते, आणि पूर्वसंमतीचा कागद फिरेपर्यंत हंगाम निघून जातो. ठिबकपासून फवारणी पंपापर्यंत आपण हेच पाहत आलो. शिवाय ज्याने चार आणे दिले तो उद्या गाडी कुठे उभी करायची हेही सांगणार.

आणि ते चार आणे कोणाचे? शिशाच्या बॅटरीवर २२ सप्टेंबर २०२५ पर्यंत २८ टक्के जीएसटी होता, त्या दिवसापासून १८ टक्के झाला. दहा हजारांच्या बॅटरीवर आज अठराशे रुपये. नोंदणीकृत दुकानदार आपल्या दुकानासाठी अशीच बॅटरी घेतो तेव्हा तो कर विक्रीवरच्या करातून वळता करतो. आपल्या ताज्या भाजीवर कर नाही, म्हणून वळते करायला जागाच नाही. बॅटरी, टायर, क्रेट, वजनकाटा, सगळ्यांवरचा कर आपल्या अंगावर राहतो. डिझेल तर जीएसटीच्या बाहेर, त्यावर केंद्राचे उत्पादन शुल्क आणि राज्याचा व्हॅट. आणि वर ऐकवतात की शेतकरी कर भरत नाही! निर्यातीच्या मालावर कर शून्य असूनही आधी भरलेला कर परत मिळण्याची सोय कायद्यात आहे. दुबईला जाणाऱ्या भेंडीला जो न्याय, तो बोरिवलीला जाणाऱ्या भेंडीला का नाही, याचे उत्तर दिल्लीने द्यावे.

तेव्हा ठराव करायचा तर असा करा: शेतमाल पिकवण्या-विकण्याच्या साधनांवर भरलेला कर शेतकऱ्याला परत द्या, आणि थेट विक्रीच्या जागेवर मीटर लावून, रीतसर दराने वीज द्या. फुकट नको. मीटर येईपर्यंत दुसरी बॅटरी आपल्या पैशाने बसवू. घेताना पक्के बिल आपल्या नावावर घ्या, टायर आणि क्रेटचेही, आणि पुढच्या बैठकीला बरोबर आणा. प्रत्येक गाडीमागे वर्षाला किती कर गेला, याची बेरीज तिथेच करू.